पाणी घालणाऱ्यांची वंशावळ

आधीच सांगते, असले अनुभव वाचून हसणाऱ्यांपैकी मी आहे. पिंपळ, अमावस्या आणि पांढरी साडी एकत्र आली की अनुभव तयार होतो, असं मी नवऱ्याला नेहमी म्हणायचे. त्यात माझं कामच पुराव्याचं. जे कागदावर नाही ते झालंच नाही, ही शिस्त वीस वर्षं अंगात मुरलेली. त्यामुळे हे लिहिताना थोडी लाजच वाटतेय... पण मनात ठेवूनही आता दोन वर्षं झाली.

मी लुसी. मूळची वसईची, राहायला दुबईत, अल कुसैसला. जुमेरा लेक टॉवर्समधल्या एका टॉवरच्या बाविसाव्या मजल्यावर आमचं पाच माणसांचं ऑफिस आहे. हौशी लोकांना आम्ही त्यांच्या घराण्याची वंशावळ बनवून देतो — संशोधन, मांडणी, प्रिंट, फ्रेम, सगळं. ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ शोधू नये म्हणतात. आमच्याकडे नद्या येत नाहीत, बाकी कोणाचंही कूळ आम्ही शोधतो.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात एक इंग्रज गृहस्थ आले. वय ऐंशीच्या पुढे, निम्मं आयुष्य दुबईत गेलेलं, बोलणं अगदी मोजकं. ऑफिसात आम्ही त्यांना साहेबच म्हणायचो. त्यांच्या घराण्याचं खरं नाव इथे देत नाही, आपण हार्सकोम म्हणू. हे हार्सकोम सात-आठशे वर्षांपूर्वी इंग्लंडच्या राजाचे सरदार होते. त्यांना जमीन मिळाली होती ती एका सेवेच्या बदल्यात, आणि ती सेवा म्हणजे मोठ्या मेजवानीला राजाच्या हातावर पाणी घालणं. चांदीच्या सुरईतून पाणी घालायचं, टॉवेल पुढे करायचा, मागे सरकायचं. बापानंतर मुलगा, मुलानंतर नातू. हे ऐकून मला आधी हसूच आलं. आमच्या गावात लग्नाच्या पंगतीला हे काम ज्याला दुसरं काही जमत नाही त्याला देतात, आणि ह्यांनी ते पिढ्यान् पिढ्या मिरवलं! पण जुने उतारे वाचत गेले तसं हसू ओसरलं. राजाच्या इतक्या जवळ जाणारी माणसं थोडी. हात धुताना राजाची बोटं उघडी असतात, तलवार लांब असते. ज्याच्यावर पुरता भरवसा त्यालाच हे काम मिळायचं.

वंशावळ छान जमली. अडचण एकाच चौकटीची होती. तिसऱ्या पिढीतल्या सरदाराला मुलगा नव्हता, एकच मुलगी होती. तो वारल्यावर मान तिच्याकडे आला, ती लहानपणीच गेली आणि मग सेवा काकाकडे वळली. आमच्याकडच्या जुन्या पुस्तकात तिच्याबद्दल एवढी एकच ओळ होती, नाव नव्हतं. आमच्या धंद्यात अशा वेळी छाटणी करतात. ज्याच्या खाली फांदी नाही, त्याची चौकट काढली की झाड सुटसुटीत दिसतं. साहेबही म्हणाले, रिकामी चौकट बरी दिसत नाही, आपणच विसरलो असं वाटतं. इंग्लंडमधल्या एका संशोधकाला त्यांनी मूळ लॅटिन कागद बघायला सांगितलं होतं, पण त्याला महिने लागणार होते. मी चौकट काढून टाकली. खरं सांगते, काढताना काहीही वाटलं नाही.

आमचे मोठे प्रिंट शारजाला, रोल्ला भागात, नजीरभाईंकडे होतात. नजीरभाई रायगडातल्या म्हसळ्याचे, तीस वर्षं ह्याच धंद्यात. पहिला प्रिंट आला तर चौथ्या पिढीत चौकट होती. रिकामी, नाव नाही, फक्त चार रेघा. चुकून जुनी फाइल पाठवली असेल म्हणून मी नवी पाठवली. दुसऱ्या प्रिंटमध्येही तेच. तेव्हा मी स्वतः गेले. भर दुपारची वेळ, बाहेर रस्ता तापलेला, आत एसी आणि शाईचा वास. स्क्रीनवर आम्ही दोघांनी फाइल उघडून बघितली — चौकट नाही. मोठी करून बघितली, तरी नाही. नजीरभाईंनी मशीन बंद करून पुन्हा चालू केलं, कागदाचा रोल बदलला आणि आम्ही दोघं कागद बाहेर येताना बघत उभे राहिलो.

चौकट आली. ह्या वेळी तिच्या आसपासचा कागद थोडा फुगला होता, पाणी पडून सुकल्यावर फुगतो तसा. मी बोट फिरवलं. कोरडा होता.

नजीरभाई फार बोलणारे नाहीत. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा बघितलं आणि म्हणाले, "ताई, मशीन अपने मन से काही काढत नाही. कुछ तो है. आज हे राहू द्या. यल्ला, चला, घरी जा तुम्ही."

मी तो कागद गुंडाळून नळकांड्यात घातला आणि घरी आले. दुसऱ्या दिवशी शनिवार, सुट्टी. जेवणाच्या टेबलावर पसरून नीट तपासू असं ठरवलं. काहीतरी तांत्रिकच असणार ह्याची मला खात्री होती.

इथे आईबद्दल सांगायला हवं. वडील गेल्यावर मी तिला इकडे आणलं होतं. तिची आठवण हळूहळू विरत चालली होती. कधी मला ओळखायची, कधी मला आपली बहीण समजायची. नळ उघडणं ती विसरली होती. जेवायच्या आधी मोरीपाशी दोन्ही हात पुढे करून नुसती उभी राहायची आणि मी तांब्याने पाणी घालायचे. माझा जीव तुटायचा. ह्या बाईने चाळीस वर्षं स्वतःच्या हाताने फुलं खुडून बाजाराला पाठवली, आणि आता हात धुवायला तिला कोणीतरी लागत होतं.

शनिवारी सकाळी मी स्वयंपाकघरात होते. माझी मुलगी रिया, तेव्हा बारा वर्षांची, दारात येऊन म्हणाली, "ममा, आजी इज टॉकिंग टू द पेपर."

मी बाहेर आले. आई टेबलाशी वाकून उभी होती. कागदावर तीनशेच्या वर नावं, सगळी इंग्रजीत, आईला त्यातलं एक अक्षर वाचता येत नव्हतं. तिचं बोट त्या रिकाम्या चौकटीवर होतं. हार्सकोमांबद्दल, राजाबद्दल, पाण्याबद्दल घरात मी एक शब्द बोलले नव्हते. ऑफिसचं काम घरी बोलायचं नाही ही माझी सवय.

"हिचं नाव का नाही लिहिलं?" आईने मला विचारलं. आवाज एकदम स्वच्छ होता, पूर्वीचा.

मी म्हटलं, "माहीत नाही गं तिचं नाव."

"मला माहीत आहे. सेसिलिया. लिही."

मग ती खुर्चीवर बसली आणि तिने मला जे सांगितलं ते मी जन्मात कधी ऐकलं नव्हतं. मी घरातली थोरली नव्हते. माझ्याआधी तिला एक मुलगी झाली होती, घरीच, दिवस भरण्याआधी. बाळाचा श्वास अडखळत होता. आमच्याकडे लहानपणापासून शिकवतात की बाळ जगेल असं वाटत नसेल तर फादरची वाट बघायची नाही. कोणीही, अगदी आईसुद्धा, त्याच्या डोक्यावर पाणी घालून बाप्तिस्मा देऊ शकते, नाव देऊ शकते. आईला हे पाठ होतं. पण सासू म्हणाली, पहिलं नातवंड आहे, फादरच्याच हातून होऊ दे. वडील सायकलवर फादरना आणायला गेले. फादर दुसऱ्या गावात एका आजाऱ्याकडे गेलेले. ते येईपर्यंत सगळं संपलं होतं. बाप्तिस्मा नाही म्हणून चर्चच्या वहीत नोंद नाही, नाव नाही. कबरस्तानाच्या भिंतीबाहेर पुरलं आणि घरात तो विषय बंद झाला.

"तांब्या हाताशी होता, लुसी," आई म्हणाली. "हात लांब केला असता तर पोचला असता."

शेकडो घराण्यांची झाडं काढणारी मी, आणि माझ्याच घरात एक नाव कमी आहे ह्याचा मला पत्ता नव्हता. आई वाट बघत होती. "लिही ना," ती पुन्हा म्हणाली. मी रियाची पेन्सिल घेतली आणि हार्सकोमांच्या चौथ्या पिढीत, आईला वाचता यावं म्हणून देवनागरीत, सेसिलिया असं लिहिलं. आईने अक्षरं एकेक करून वाचली. त्या रात्री ती शांत झोपली.

धंद्याच्या दृष्टीने ह्याहून मोठं पाप नाही. पुराव्याशिवाय वंशावळीत नाव घालणाऱ्याला आमच्याकडे दारात उभं करत नाहीत. मी ठरवलं, सोमवारी ऑफिसात खोडरबराने पुसायचं, आणि कागद नळकांड्यात घालून दाराशी ठेवला. पण सोमवारी रिया तापाने फणफणली, मी घरीच राहिले. ऑफिसचा ड्रायव्हर येऊन दारातलं नळकांडं घेऊन गेला आणि काम पुरं झालं असं समजून त्याने ते सरळ साहेबांच्या घरी पोचवलं. दुपारी त्यांचा फोन आला. लगेच या, एवढंच म्हणाले.

मी गेले तेव्हा कागद त्यांच्या टेबलावर उघडा होता. त्यांनी चौकटीवर बोट ठेवून विचारलं, "हे कोणत्या लिपीत आहे? काय लिहिलंय?"

खोटं बोलणं अगदी सोपं होतं. प्रिंटरसाठी खूण आहे म्हटलं असतं तर त्यांना काय कळणार होतं? क्षणभर माझ्या तोंडावर आलंही ते. पण आईने ज्या तऱ्हेने ती अक्षरं वाचली होती ते आठवलं, आणि मला त्या बाळाचं नाव दुसऱ्यांदा नाकारता येईना. मी सांगितलं, हे नाव आहे, सेसिलिया. मीच लिहिलंय, कुठल्याही कागदावरून नाही. माझ्या आईच्या वारलेल्या मुलीचं आहे. चूक माझी आहे, तुम्ही ऑफिसला कळवलंत तरी चालेल.

म्हातारा उठून आतून एक कागद घेऊन आला. त्या संशोधकाची ईमेल त्याच सकाळी आली होती, छापून ठेवलेली. मूळ लॅटिन कागद सापडला होता. साहेबांनी ती ओळ मला वाचायला दिली — वडिलांच्या मागे त्यांची मुलगी सेसिलिया, वय वर्षं नऊ, हिने राजाच्या हातावर स्वतः पाणी घातलं.

मी ती ओळ पुन्हा पहिल्यापासून वाचली. त्यांनी खुर्ची पुढे केली आणि पाण्याचा ग्लास दिला.

आता तुम्ही म्हणाल, सेसिलिया हे नाव तेव्हा तिकडे खूप होतं, आमच्या वसईत तर गल्लीगल्लीत आहे. योगायोग. मीही स्वतःला तेच समजावलं. आठवण गेलेली माणसं काहीबाही बोलतात हेही खरं. पण मी शनिवारी लिहिलं आणि ईमेल सोमवारी आली. आईने तीनशे नावांतून नेमक्या त्याच चौकटीवर बोट ठेवलं. आणि जी चौकट मी काढून टाकली होती ती तीनदा छापून का आली, हे नजीरभाईंनाही सांगता येत नाही. फाइल अजून माझ्याकडे आहे. तिच्यात आजही चौकट नाही.

त्या संध्याकाळी मी आईला सगळं सांगितलं. किती पोचेल माहीत नव्हतं. नऊ वर्षांची एक सेसिलिया होती, लांब, फार पूर्वी, आणि ती राजाच्या हातावर पाणी घालायची. आई ऐकत राहिली.

"राजाच्या हातावर?"

"हो आई."

"मग देवाने तिच्या हातात पाणी दिलं," ती म्हणाली. "मी नाही दिलं, त्याने दिलं."

मग ती उठली, मोरीपाशी गेली. मी नेहमीसारखी मागून गेले, तांब्या उचलायला. पण तिने तो आधीच भरला होता — नळ तिने कधी उघडला, मला कळलंच नाही. "हात पुढे कर," ती म्हणाली. मी केले. एक थेंबही बाहेर न सांडता तिने माझ्या हातावर पाणी घातलं.

पुढच्या चैत्रात आई गेली. साहेबांच्या भिंतीवर त्यांचं झाड लागलंय, चौथ्या पिढीत सेसिलिया आहे, पुराव्यासकट. पेन्सिलवाला कागद त्यांनी मला परत दिला, तो माझ्याकडे आहे. आमच्या घरचं झाडही मी शेवटी काढलं. माझ्या आधीच्या चौकटीत सेसिलिया लिहिलं. पुरावा विचाराल तर माझ्याकडे काही नाही. छाटणी मात्र मी तेव्हापासून बंद केली.