चुकीच्या उत्तराची धून

गणिताच्या तासाला माझा उजवा कान इतक्या वेळा पिळला गेलाय की तो डाव्यापेक्षा लांब असावा, अशी मला अजून शंका आहे. त्यामुळे लग्नानंतर पुण्याहून गुडगावला आले आणि एका नव्याकोऱ्या काचेच्या इमारतीत, मोठ्या माणसांसाठी ऑनलाइन गणिताचे कोर्स तयार करायची नोकरी लागली, तेव्हा पहिल्याच मीटिंगमध्ये मी बजावलं की उत्तर चुकलं म्हणून आपण कुणालाही हिडीसफिडीस करायचं नाही. भोंगा नको, लाल फुली नको, आणि तो रडका चेहरा तर मुळीच नको.

आमचे साहेब पक्के दिल्लीवाले. ‘जो करना है करो यार, बस एंगेजिंग होना चाहिए,’ एवढंच त्यांचं म्हणणं. पडद्याच्या कोपऱ्यात पळतं घड्याळ ही त्यांची हौस. चुकीच्या उत्तराला काय वाजवायचं, ते माझ्यावर सोडलं. मी तयार आवाजांच्या संग्रहातून एक गोड धून निवडली. गाडी रिव्हर्स घेताना वाजते ना, तसली टिणटिण करणारी. सोबत फक्त ‘फिर से देखिए’ अशी पाटी. ऑफिसात सगळ्यांनी कोर्स करून पाहिला. सगळे इंजिनियर, त्यांना शेकडेवारीचं काय कौतुक! धून ऐकायला मिळावी म्हणून काही जण मुद्दाम चुकत होते. मी खूश होते.

पहिली चाचणी मानेसरला, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात ठरली. लाइनवर काम करणाऱ्या काही बायका ट्रेनिंगच्या खोलीत येऊन बसल्या होत्या. सुरू होण्याआधी चहा आला, तेव्हा त्यांतली एक माझ्याशेजारी बसली. चाळिशीकडे झुकलेली, हसरी.

‘मैडम, सवाल मुश्किल हैं क्या?’

‘अरे दीदी, घबराइए मत. ये तो ट्रायल है. परीक्षा आपकी नहीं, हमारे कोर्स की है.’

ती माझ्याकडे बघतच राहिली. ‘ट्रायल कैसा? आज जो पास होगी, वही लाइन लीडर बनेगी. अगले साल तो मेरी उमर निकल जाएगी.’

मी तशीच कारखान्याच्या अधिकाऱ्यांकडे गेले. ते शांतपणे बिस्किट चहात बुडवत होते. ‘बिल्कुल,’ म्हणाले, ‘एक पंथ दो काज.’ ज्या कोर्सचा आम्हालाच अजून भरवसा नव्हता, त्यावर यांनी माणसांची बढती टांगून ठेवली होती! मी काही बोलेपर्यंत संगणक सुरू झालेसुद्धा.

पहिले काही प्रश्न ठीक गेले. मग माझ्या चहाच्या मैत्रिणीचं एक उत्तर चुकलं आणि माझी ती गोड धून खोलीभर वाजली.

ती ताडकन उठली. एक पाऊल मागे सरकली, दोन्ही हात पाठीमागे घेतले आणि मान खाली घालून उभी राहिली. बाकीच्या सगळ्या बायकांचेही हात कीबोर्डवरून उचलले गेले आणि सगळ्यांच्या माना वळल्या. बघत होत्या तिच्याकडेच. कोपऱ्यातलं घड्याळ मात्र पळत होतं.

अधिकारी हसत सुटले. ‘अरे मैडम, ये तो हमारी लाइन वाली धुन है!’

मग त्यांनी समजावून सांगितलं. लाइनवर कुणाच्या हातून काही चुकलं की त्यानं दोरी ओढायची. लाइन थांबते, धून वाजते, त्याच्या जागेवरचा दिवा लागतो. त्यानं हात मागे घेऊन उभं राहायचं. समोरच्या बाजूनं लीडर येतो, ‘क्या हुआ’ विचारतो, आणि तो सांगेपर्यंत कशालाही हात लावायचा नाही. सगळ्या कारखान्याला कळतं, लाइन कुणामुळे थांबली.

करायला गेले गणपती आणि झाला मारुती. कान पिळला असता तर परवडलं असतं.

ती कशीबशी खाली बसली, पण पुढं तिनं एकाही प्रश्नाला हात लावला नाही. पुन्हा चुकायचीच तिला भीती वाटत होती. वेळ संपली. नापास.

मी अधिकाऱ्यांशी भांडले. पार आवाज चढवून, पुणेरी हिंदीत भांडले. ‘गणित की परीक्षा है या कवायत की?’ शेवटी वैतागून ते म्हणाले, ‘चलो, लंच के बाद एक मौका. पर आप एक शब्द भी नहीं बोलेंगी.’

त्या दुपारी ती पास झाली, हे आधीच सांगून टाकते, कारण माझ्या डोळ्यांपुढून जात नाही ते दुसरंच आहे.

धून मी स्वतः बंद केली आणि पुन्हा पुन्हा तपासली. खोलीत ती, मी आणि दारात अधिकारी. भराभर उत्तरं देत होती. मग एक चुकलं. आवाज काही झाला नाही, नुसती ‘फिर से देखिए’ची पाटी आली.

आणि ती उठली. पाऊल मागे, हात पाठीमागे.

मी हादरले. धून तर नव्हतीच! ‘बसा हो बाई,’ असं ओरडावंसं वाटत होतं, पण बोलायची चोरी. घड्याळ पळत होतं. तिनं दाराकडे पाहिलं. अधिकारी जागचे हलले नाहीत. कोणीही येणार नव्हतं.

तेव्हा ती टेबलाला वळसा घालून पलीकडे गेली, लीडर येतो त्या बाजूला. तिथून आपल्याच रिकाम्या खुर्चीकडे वाकून हळूच म्हणाली, ‘क्या हुआ? घबरा मत. आराम से देख के कर.’

मग परत आली, खुर्चीत बसली आणि तोच प्रश्न पुन्हा वाचू लागली.