साबणाच्या रांगेतली पंचविसावी

"टी-शर्टवर ओढणी घे गं," मॅडम म्हणाल्या. "आपला लोगो झाकला पाहिजे नीट. हां. आता त्या रांगेत उभी राहा."

त्या रांगेत म्हणजे ज्यांना किट मिळणार होतं त्यांच्या रांगेत. मी वाटणाऱ्यांतली होते. सकाळपासून टेम्पोतून समाजमंदिरात खोकी मीच उचलली होती. किट पंचवीस, मुली चोवीस. एक गावाला गेलेली. आणि देणगी देणाऱ्या कंपनीला फोटोत पंचवीस मुली हव्या होत्या.

मी म्हटलं, "मॅडम, मी तर आपल्या टीममध्ये..."

"अगं हो. पण तू तशी इथलीच आहेस ना? चल, पटकन. फोटोग्राफरला पुढे जायचंय."

गेले मी. उभी राहिले. हे लिहिताना पण मला काही होत नाहीये. तेव्हाही झालं नाही. फरशी थंड होती एवढं आठवतं.

मला किट द्यायला रेवती आली. माझ्याच वर्गातली. कँटीनला आम्ही एका प्लेटमधून मिसळ खातो. किटमध्ये साबण, कंगवा, नेलकटर, टूथब्रश आणि उवांच्या औषधाची बाटली. व्हिडिओ चालू होता म्हणून किट देताना एक वाक्य म्हणायचं ठरलेलं होतं. रेवती कुजबुजली, "सॉरी यार." मग कॅमेऱ्याकडे बघून मोठ्यानं, "रोज अंघोळ करायची बरं का!" आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

मी मान हलवली. हो. करीन.

थांबा, नीट सांगते. मी फास्ट टाइप करते आणि मधलं सुटतं. आमच्या युनिव्हर्सिटीत एक स्कॉलरशिप आहे. जे विद्यार्थी समाजसेवा करतात, पुढेही करू असं लिहून देतात, त्यांना सगळी फी माफ. वर्षाला ठरावीक तास सेवा करायची, सेवा-डायरीत लिहायचे, खाली मॅडमची सही. मॅडम म्हणजे या प्रोग्रॅमच्या को-ऑर्डिनेटर. तास भरले तर पुढच्या वर्षी स्कॉलरशिप चालू. नाही भरले तर बंद. बंद म्हणजे माझं कॉलेजच बंद. आई मेसमध्ये पोळ्या लाटते आणि घरात आम्ही दोघीच.

मला ती मिळाली फॉर्म भरून देण्याच्या कामावर. मी दहावीपासून वस्तीत लोकांचे फॉर्म भरते. कात्रजच्या अलीकडे, टेकडीच्या उतारावर आमची वस्ती. दर रविवारी समाजमंदिराच्या पायरीवर बसते. पेन, स्टेपलर, डिंकाची बाटली. रेशनकार्डात नाव चढवा, म्हातारीची पेन्शन, शाळेचा दाखला, सगळं. लोक मला फॉर्मवाली म्हणतात. इंटरव्ह्यूत हे सांगितलं तर तिथले एक सर शेजारच्या सरांना म्हणाले, "ण अगदी स्पष्ट आहे हो हिचा. वस्तीतली वाटत नाही."

मी थँक यू सर म्हटलं. मला ते खरंच कौतुक वाटलं होतं! घरी येऊन आईला पण सांगितलं.

पहिल्याच महिन्यात कळलं की रविवारचे तास धरत नाहीत. मॅडम म्हणाल्या, "स्वतःच्या वस्तीत केलंस ते घरकाम झालं. सेवा दुसऱ्याची करायची असते." मग मी सकाळी स्वारगेटवरून बस धरून खडकवासल्याच्या पुढे एका गावात शाळेची भिंत रंगवायला जायला लागले. त्या भिंतीवर आमच्या आधी दुसरं एक कॉलेज येऊन गेलेलं. फुलं त्यांची, फुलपाखरं आमची. ते तास धरले.

दिवाळीनंतर प्रोग्रॅमनं एक वस्ती दत्तक घेतली. आमचीच. आता रेवती आमच्या वस्तीत आली की तिचे तास धरणार. मी तिच्याशेजारी उभी राहून तेच काम केलं तरी माझे नाही. का, तर माझं घर तिथं आहे.

तरी किटच्या दिवशी मी गेले. खोकी उचलली.

किटच्या फोटोनंतर महिन्याभरानं युनिव्हर्सिटीच्या गेटवर स्टँडी लागली. माणसाएवढी. त्यावर मी, हातात साबण. खाली लिहिलेलं, 'स्वच्छतेशी पहिली ओळख. लाभार्थी, कात्रज परिसर.' पार्किंगमध्ये एक जण ओरडला, "ओ मॅडम, साबण कुठला वापरता?" त्याचे मित्र खिदळले. रेवतीनं स्टोरीला टाकलं, 'माय गर्ल' लिहून. मी त्याला हार्ट दिलं. बोट आपोआप जातं.

घरी आईनं तो साबण कधीच वापरायला काढलेला. "चांगला हाय, फेस येतोय," म्हणाली. उवांच्या औषधाची बाटली तिनं फळीवर मागं सारली, लेबल भिंतीकडं करून.

मग मे महिन्यात रिन्यूअलची मीटिंग. माझे अठरा तास कमी. मी घाबरून गेलेले, पण मॅडम फार छान बोलल्या. चहा मागवला. पुढच्या आठवड्यात देणगीदार येणार आहेत, तिथं तू बोल म्हणाल्या. लाभार्थी म्हणून.

"पाच मिनिटं फक्त. आधी घरी कसं होतं, आता काय काय बदललं. तेवढ्यात तुझे अठरा तास बसवून टाकू. आणि हे बघ, एवढं शुद्ध नको बोलूस. तुमच्याकडचं बोल. मनाला भिडतं."

"मॅडम, आमच्याकडे आधीपासून साबण होता."

"अगं, ते त्यांना कुठे माहितीये?"

आणि त्यांनी संमतीपत्र पुढं केलं. दोन पानं, इंग्लिशमध्ये. "सही दुसऱ्या पानावर." पण माझी सवय, मी पहिल्या पानापासून वाचायला लागले. मी या मदतीवर अवलंबून आहे. माझा फोटो, माझं नाव, माझ्या घरची माहिती संस्था कुठेही, कशीही, कितीही वर्षं वापरू शकते. मी त्याबद्दल कधीही तक्रार करणार नाही.

हा कागद मी आधी बघितला होता.

किट वाटायच्या आदल्या आठवड्यात मॅडमनी अशाच कागदांचा गठ्ठा माझ्याकडे दिलेला. "सह्या आणशील का? तिथे तुझं ऐकतात." मी घरोघर गेले होते. चोवीस घरं. शेजारची काशीमावशी, तिची नात यादीत होती, तिनं विचारलं, "कशाचा कागद हाय गं?" मी म्हटलं, "किटचा." ती म्हणाली, "तू म्हणतीस ना, मग झालं." मीच तिचा अंगठा धरून शाईवर टेकवला. कागदावर टेकवला. आणि खाली साक्षीदार म्हणून सही केली. चोवीस वेळा. एक ओळ न वाचता. मी. जी अख्ख्या वस्तीला सांगत फिरते की वाचल्याशिवाय सही करू नका.

त्या दिवशीचे दोन तास मात्र मॅडमनी धरले होते. खास बाब म्हणून.

पंखा फिरत होता, मला आवाज येत नव्हता. मी पेनला टोपण लावलं.

"मी सही नाही करणार, मॅडम."

"का?"

"मी लाभार्थी नाहीये."

"असं? मग तुझी फी कोण भरतंय?"

"मी काम करते त्याची भरताय. आणि मी तिथं बोलणार पण नाही."

मॅडम हसल्या. "विचार कर. आईला विचार घरी."

विचारलं. आई म्हणाली, "बोल की. पाच मिन्टांत काय झिजतंय तुझं? मी मेसमधी रोज लोकांचं ऐकते. माझी कोण फी माफ करतंय?" मग मी तिला अंगठ्यांचं सांगितलं. ती पोळी लाटत होती, थांबली.

"काशीला सांगितलंस?"

"नाही."

"मग आधी तिला सांग. कॉलेजचं मागनं बघू."

गेले. मावशीला तो कागद मराठीत सांगितला, ओळ न ओळ. नातीचा फोटो कुठंही लावू शकतात म्हटलं. मी वाचलं नव्हतं हेही सांगितलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती म्हणाली, "मला वाटलं, तू वाचलं असशील."

बस. एवढंच. तेव्हा पहिल्यांदा मला काहीतरी झालं. अजून होतं.

मी तिथंच बसून अर्ज लिहिला, मराठीत. संमती मागे घेत आहे, फोटो काढून टाका. मावशीला दोनदा वाचून दाखवला. तिनं एक वाक्य बदलायला लावलं. 'कृपया' काढ म्हणाली. मग तसेच अर्ज घेऊन उरलेली तेवीस घरं परत फिरले. तीन घरांनी दार लावून घेतलं, पुढच्या वर्षी किट बंद होईल म्हणून. त्यांचं बरोबर आहे. मावशीचा धरून एकवीस अर्ज जमले.

दरम्यान मेल आला. माझी सेवावृत्ती प्रोग्रॅमच्या मूल्यांशी जुळत नाही, सबब स्कॉलरशिप पुढे चालू नाही. पुढच्या वर्षाची फी कुठून येणार मला माहीत नाही. पोळ्या लाटता येतात मला, आईच्या मेसमध्ये जागा आहे. जाईन. पण कॉलेज सोडणार नाही, हे त्यांनी लिहून ठेवावं.

युनिव्हर्सिटीच्या आवक खिडकीवर मी तीन दिवस जातेय. पहिल्या दिवशी म्हणाले, मेल करा. दुसऱ्या दिवशी, मॅडम मीटिंगमध्ये आहेत. आज तिथले काका म्हणाले, "अहो ताई, कशाला आयुष्याचं वाटोळं करून घेताय?"

उद्या परत जाणार. एकवीस अर्ज त्यांचे. बाविसावा माझा, त्यात दोनच मागण्या. गेटवरचा माझा फोटो उतरवा. आणि माझे रविवारचे तास सेवेत धरा, धरत नसाल तर का नाही ते सहीनिशी लेखी द्या. प्रत्येक अर्जाच्या दोन प्रती आहेत. एक त्यांनी ठेवायची, दुसरीवर मला पोच पाहिजे.

शिक्का, तारीख, सही. बावीसच्या बावीस प्रतींवर. त्याशिवाय मी त्या खिडकीसमोरून उठत नाही.