वरच्या मजल्यावरची वाटी

आमच्या मांडणीवर एक स्टीलची वाटी आहे, थोरल्या भावाचं नाव घातलेली. भाऊ वरच्याच मजल्यावर राहतो. आईच्या आजारपणात कुणी किती केलं, यावरून आमचं बोलणं बंद आहे. मध्यंतरी वहिनींनी या वाटीतून खरवस पाठवला. तो मी चाटूनपुसून खाल्ला, वाटी मात्र राहिली. रिकामी वाटी परत करू नये असा रिवाज, आणि भरून दिली तर मीच नमलो असं होणार!

आमची लेक विद्यापीठात जगातली भांडणं कशी मिटवावीत ते शिकते. परवा ती पास झाली, तेव्हा तिने त्याच वाटीत पेढे भरून माझ्या हातात दिले.

"बाबा, आधी कुणीतरी पाऊल टाकावंच लागतं."

"आणि न्यायाचं काय? आधी त्याने चूक कबूल करू दे की!"

"दोन्हीकडचे हेच म्हणत बसतात. तोवर माणसं मरतात, बाबा."

वाटी घेऊन निघालो. वरून भावाचा खोकला ऐकू येत होता, आईसारखाच खोल. जिन्याच्या वळणावर पाय अडले. दार उघडून तो म्हणेल, 'आलास शेवटी?' तिथेच उभं राहून मी एकेक करत सगळे पेढे संपवले. मोठमोठे पुढारी बोलणी अर्ध्यावर टाकून का परततात, ते मला पुस्तकावाचून कळलं.

"काका घरी नव्हते," मी लेकीला सांगितलं आणि वाटी मांडणीवर ठेवली.

वर खोकला चालूच होता. तो तिलाही ऐकू येत होता.