त्याचा उजवा हात आणि माझे पॉइंट

शिरवण्याला, गाव संपून कंपन्यांची हद्द सुरू होते तिथे एक पत्र्याची शेड होती. तिथे आमचे सर बॉक्सिंग शिकवायचे. सैन्यातून रिटायर झालेला माणूस. मी दिवसा एका केमिकल कंपनीच्या स्टोअरमध्ये असायचो आणि संध्याकाळी जुईनगरहून सायकल मारत शेडवर जायचो. फेदरवेटला, म्हणजे हलक्या वजनाच्या गटात खेळायचो. अंगात ताकद बेताची, म्हणून पायांवर मेहनत घेतली होती. पुढे जायचं, डावा हात लावायचा, समोरच्याचा हात यायच्या आत बाजूला व्हायचं. असे कितीतरी सामने मी जिंकलो, पण सगळे पॉइंटवर, कुणाला आडवं न पाडता. माझी फाइट लागली की लोक चहा प्यायला उठायचे. सरांची सगळ्यात मोठी शाबासकी म्हणजे "ठीक आहे". ती मला वर्षातून एखाद्या वेळी मिळायची आणि मला ती पुरायची.

मग तो आला. वाशीच्या मार्केटमध्ये कांद्याच्या गोणी वाहायचा. साताऱ्याकडचा, बावीस-तेवीस वर्षांचा. शेडच्या दारातून आत येताना त्याला मान वाकवावी लागली. सरांनी त्याच्या हातात ग्लोव्ह्ज चढवले आणि म्हणाले, "मार बॅगवर. कसाही मार."

त्याने मारलं. पाय चुकीचे, हनुवटी वर, डावा हात कमरेशी लोंबत होता. पण बॅग अशी उडाली की वरचा पाइप हलला आणि पत्र्याचा गंज आमच्या डोक्यावर पडला. सर मोठ्याने हसले. इतक्या वर्षांत मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं.

"अरे, हे काय आहे!" ते म्हणाले. "बघितलंस का रे?"

"बघितलं," मी म्हणालो.

त्या दिवसापासून मी त्याच्यावर जळायला लागलो, ते कायमचंच. तो आठवड्यातून दोनदा यायचा, कधी तेही नाही. दोरीवरच्या उड्या मारायचा कंटाळा, सावलीशी खेळायचा कंटाळा. पण रिंगमध्ये उतरला की त्याचे दोन-तीन ठोसे हुकायचे, चौथा बसायचा आणि समोरचा आडवा. मार्केटमधली टोळीच्या टोळी टेम्पो करून सामने बघायला यायची. "आरं हाण!" असं ओरडून त्यांचे घसे बसायचे. आणि माझ्या सरांनी, ज्यांनी मला चुकलेल्या प्रत्येक पावलाला शिव्या घातल्या होत्या, त्याला एकदाही डावा हात वर घे म्हणून दम दिला नाही.

घरी जेवताना मी हेच बोलायचो. त्याला गार्ड माहीत नाही, त्याला डाव्या हाताचा जॅब माहीत नाही. बायको एकदा वैतागून म्हणाली, "तो कुठे, तुम्ही कुठे? वजनच वेगळं. तुमची त्याच्याशी फाइट कधी लागणार आहे का? मग टेन्शन कशाचं घेता?"

तिला काय सांगणार? फाइट लागणार असती तर बरं झालं असतं.

पुढे माझी डावी भुवई फुटली आणि शिवली तरी पुन्हा पुन्हा उघडायला लागली. डॉक्टरने खेळ बंद करायला सांगितलं. मी जजची परीक्षा दिली, पास झालो आणि शेडवर जाणं हळूहळू सुटलं. दोनेक वर्षांनी नेरूळला एका शाळेच्या मैदानावर सामने होते. मला जज म्हणून बोलावलं. तिथे पोचल्यावर कळलं, शेवटची फाइट हेवीवेटची, आणि त्यात तो आहे. मी आयोजकांना म्हणालो, "मी याच्याच शेडवर होतो. मला नका बसवू." दुसरं कोणी नव्हतं. समोरच्या पार्टीला विचारलं, त्यांची हरकत नव्हती. आमचे सर तर म्हणाले, "बसू दे त्याला. त्याला कळतं."

समोरचा मोरा बंदरावरचा कोळी होता. उंच, सडपातळ, हात लांबच लांब. पहिली घंटा झाली आणि मला हसू आवरेना, कारण तो अगदी माझ्यासारखा खेळत होता. डावा लावला, सरकला. पुन्हा लावला, पुन्हा सरकला. आमचा गडी नुसता हवेत हात फिरवत होता. पहिला राऊंड सरळसरळ कोळ्याचा.

दुसऱ्या राऊंडमध्येही तेच चाललं होतं. मग कोळी एकदा दोरीला टेकला आणि तो उजवा हात आला. आवाज माझ्या टेबलापर्यंत आला. कोळी गुडघ्यावर बसला. रेफ्रीने आठपर्यंत मोजलं, तो उठला आणि मान हलवून तयार आहे म्हणाला. मैदान वेडं झालं होतं. मार्केटमधली माणसं एकमेकांच्या खांद्यांवर चढली होती.

पण आमच्या खेळात पाडलं म्हणून जादा मोल नसतं. हलका असो की भारी, नीट बसलेला ठोसा म्हणजे एकच पॉइंट. लोकांना हे माहीत नसतं. मला माहीत होतं, आणि त्या क्षणी तो नियम मला स्वतःच्या मालकीचा वाटला.

तिसरा राऊंड कोळ्याने शहाणपणाने काढला. आम्ही तीन जज. एकाने आमच्या गड्याला दिलं, एकाने कोळ्याला. माझं मत कोळ्याला. रेफ्रीने कोळ्याचा हात वर केला तसे शिट्ट्या आणि शिव्या सुरू झाल्या. कोळ्यालाच खरं वाटेना. तो आपल्या माणसाला विचारत होता, "कोन जिकला? मी हाय?"

सर माझ्या टेबलाशी आले. मला वाटलं, चिडतील.

"मार्क बरोबर दिलेस," ते म्हणाले. "मीही तेच दिले असते." मग म्हणाले, "पण तुला बरं वाटलं ना?"

मी टेबलावरची पेनं गोळा करत राहिलो.

खरं सांगायचं तर बरं वाटलं होतं, पण ते फार टिकलं नाही. तो स्वतःच घाम पुसत माझ्याकडे आला. चेहरा पडलेला असेल असं मला वाटलं होतं, मला तो तसाच हवाही होता. तो हसत होता.

"दादा, बघितलं न्हवं? कसा बसला गडी!"

"तू हरलास," मी म्हणालो.

"व्हय, ते झालंच. पर बसला का न्हाई?"

हरणं त्याला लागलंच नव्हतं. मी दिलेला निकाल त्याने टॉवेलने घाम पुसावा तसा पुसून टाकला. त्या रात्री माझा आधीपेक्षा जास्त जळफळाट झाला.

महिन्याभराने मी शेडवर गेलो आणि त्याला म्हणालो, "मी गार्ड घेऊन उभा राहतो. एक मार."

तो कचरला. "नगं ओ दादा. लागंल."

"मार म्हणतो ना."

सर लांबून बघत होते, आडवे आले नाहीत. मी दोन्ही हात चेहऱ्यापुढे घट्ट धरले. तो उजवा येताना मला स्पष्ट दिसला. इतका सावकाश की सरकायला भरपूर वेळ होता. मी सरकलो नाही. ठोसा माझ्या हातांवर बसला, माझेच हात माझ्या कपाळावर आपटले आणि मी पार्श्वभागावर येऊन पडलो. कोपरापर्यंत मुंग्या आल्या होत्या. तो धावत आला, मला काखेत धरून उचलत पुन्हा पुन्हा विचारू लागला, "लागलं का ओ? लई लागलं का?"

"डावा हात वर घेत जा," मी म्हणालो.

त्याने तो कधी वर घेतला नाही. पुढच्या वर्षी दोन-तीन चांगल्या खेळाडूंनी त्याला पॉइंटवर हरवलं, मग लग्न झालं आणि त्याने शेडवर येणं सोडलं. मी बरीच वर्षं जजचं काम केलं आणि माझा एकही निकाल फिरला नाही. वाशीच्या मार्केटमध्ये कांदे घ्यायला गेलो की एखादा म्हातारा मजूर मला ओळखायचा. "तुमी हुता न्हवं टेबलावर," म्हणायचा, आणि तो ठोसा कसा आला ते हाताने करून दाखवायचा. कोण जिंकलं होतं ते त्यातल्या कुणालाच आठवत नसे. मीही सांगत नसे. कांदे घेऊन निघायचो.