कागदावरचं पुढचं वाक्य

कोऱ्या टॉवेलचा वास आला की तो फोन आठवतो. सोलापुरातल्या टॉवेल कारखान्यातून मी स्पेनच्या गिऱ्हाइकांना फोन करायचे. अदबीची स्पॅनिश वाक्यं कागदावर ओळीनं लिहिलेली असायची. त्या दुपारी मागांच्या खडखडाटात, नेहमीच्या साहेबांऐवजी त्यांची बायको बोलली, "ते पहाटे वारले." मला कळलं; पण कागदावर त्यासाठी वाक्यच नव्हतं. शेजारी बसलेले, स्पॅनिश न कळणारे मालक म्हणाले, "थांबलीस का? पुढचं वाच की!" मी वाचलं, "त्यांना पुन्हा कधी फोन केलेला सोयीचा होईल?" मग तीही अदबीनं म्हणाली, "माफ करा, ते सांगता येणार नाही." आता मी स्पॅनिश शिकवते, सांत्वनाचं वाक्य विद्यार्थ्यांकडून पहिल्याच दिवशी घोकवून घेते. पण त्या दुपारी माफी तिनं मागितली होती.