लवू घाडीचा कापूस

लवू घाडीनं आयुष्यात दोनच माणसांना माफ केलेलं नाही. एक, त्याच्या लग्नात वाढपी जेवायच्या आधीच श्रीखंडाचं पातेलं खरवडून संपवणारा मेव्हणा. दुसरा, मुलुंडच्या औषधांच्या गोदामातला मॅनेजर हर्षद. मेव्हणा मागच्या वर्षी वारला, त्यामुळे सगळा राग आता एकट्या हर्षदच्या वाट्याला आला.

लवूचं काम बारकोड प्रिंटरचं. औषधाच्या खोक्यावर काळ्या रेघांचं लेबल असतं ना, ते छापणारं यंत्र. त्यात एक लांबट पट्टी असते, तिला हेड म्हणतात. ते तापतं, रिबनवरची शाई वितळते आणि लेबलावर उमटते. हेड गेलं की छपाई बंद. अंधेरी ते मुलुंड अठरा वर्षं लवूनं अशी हेडं सांभाळली. रिबन बदलली की स्पिरिटमध्ये भिजवलेल्या कापसानं पुसायचं, उष्णता गरजेपुरतीच ठेवायची. मग एक लेबल छापून, तारीख टाकून, सही करून झाकणाच्या आत चिकटवायचं, पोराच्या लसीचं कार्ड भरावं तसं. दुसऱ्यांकडे वर्षात जाणारं हेड लवूकडे चार-चार वर्षं चाले.

आणि गेल्या दिवाळीनंतर मुलुंडच्या त्या गोदामातली तीन हेडं ओरखडे पडून दोन महिन्यांत गेली.

हर्षदनं पॅकिंगच्या वीसेक माणसांदेखत लवूला उभं केलं. "काका, ब्लेडनं खरवडता वाटतं?"

"माझ्याकडे कापूस असतो, साहेब."

"कापसानं ओरखडे पडतात होय? हात थरथरायला लागलेत, तसं सांगा ना. उद्यापासून येऊ नका."

कोणीतरी फिसकन हसलं. लवूला ते हसणं अजून ऐकू येतं. जाताना त्यानं तिन्ही मेलेली हेडं पिशवीत टाकली आणि घरी गेला. पंधरा दिवसांत घाटकोपरपर्यंत त्याचं नाव 'ब्लेडवाला' झालं. चार जागची कामं सुटली. अठरा वर्षांच्या सह्या एका शब्दात पुसल्या गेल्या.

मालाडच्या भाविका नावाच्या गिऱ्हाइकानं मात्र त्याला सोडलं नाही. ती सुक्या जवळ्याची आणि बोंबलाची पाकिटं विकते, आणि तिचा जुना प्रिंटर लवूच्या जिवावर चालतो. एका दुपारी लवूनं तिच्या टेबलावर ती तिन्ही हेडं ओळीनं मांडली.

"दादा, मासळीच्या शेजारी मढी कशाला मांडतोस रे?"

"नीट बघ गं. ओरखडे कुठे आहेत?"

"दोन्ही टोकांना. मधे काहीच नाही."

"तिन्हींना तसेच?"

"अगदी तसेच. ब्लेडवाला पट्टीनं मोजून खरवडतो वाटतं!"

लवू हसला नाही. त्यानं भाविकाच्या यंत्राचं झाकण उघडलं. तिची रिबन लेबलापेक्षा रुंद होती, दोन्ही कडांना झाकून वर उरणारी. मग त्याला आठवलं, हर्षदनं दिवाळीत स्वस्तातली, अरुंद रिबन आणली होती. लेबलाच्या दोन्ही कडा उघड्या राहायच्या आणि तो खरखरीत कागद दिवसभर हेडाला घासायचा.

"मग जा ना आत्ताच, सांग त्याच्या तोंडावर!"

"नाय. रिबन तीच आहे. नवी हेडं पण जातील. तो मला बोलावील."

एक फोन केला असता तर ती हेडं वाचली असती. लवूनं केला नाही. अठरा वर्षांत पहिल्यांदा त्यानं जाणूनबुजून यंत्रं मरू दिली. रोज सकाळी चहा पिताना दिवस मोजायचा, आणि चहा गोड लागायचा.

फोन हर्षदचा नाही, मालकीण मृणालिनीबाईंचा आला. दुसऱ्यांदा तीन हेडं गेली होती, आणि या खेपेला ब्लेडवाला तर कोणी नव्हता.

लवू गेला तेव्हा तीच वीसेक माणसं टेबलाशी होती. त्यानं काही भाषण केलं नाही. रिबन लेबलावर ठेवली, दोन्ही कडांना बोटभर पांढरं उरलं. शेजारी सहाही हेडं ठेवली. बाईंनी स्वतः वाकून पाहिलं.

"रिबन कोणी आणली?"

हर्षद घड्याळाकडे पाहायला लागला.

"लवू, परत कामावर या," बाई म्हणाल्या.

"येतो. पण एक अट आहे. रुंद रिबन मागवा, आणि दर रोलाला हेड पुसायचं ते हर्षदसाहेबांनी. इथेच, सगळ्यांसमोर. झाकणात सही पण त्यांची."

"मी मॅनेजर आहे!" हर्षद म्हणाला.

बाईंनी नुसतं हेडांकडे बोट दाखवलं.

तेव्हापासून रिबन संपली की हर्षद झाकण उघडतो. लवू शेजारी स्टूल टाकून बसतो आणि कापूस पुढे करतो. "हळू. एकाच दिशेनं. घासू नका साहेब, ब्लेड आहे का ते?"

कोणीतरी फिसकन हसतं.

आता लवू त्या यंत्रांना कधी नव्हता इतका जपतो. उष्णता अर्ध्यावर, धुळीवर नजर, रोज रात्री वरून कापड. यंत्रं चालतील तोवर हर्षदच्या हातात कापूस; निदान दहा वर्षं चालली पाहिजेत, असं त्यानं ठरवलंय. हर्षदची निवृत्ती अजून बावीस वर्षं लांब आहे, हेही त्यानं चौकशी करून ठेवलंय.