बाजरीची पुरचुंडी

"हिला आता कुणाला दाखवायचंय?"

डॉक्टर असं म्हणाला. तेही माझ्याकडे नाही, माझ्या नवऱ्याकडे बघून.

नगरच्या त्या दवाखान्यात दोन-दोन पेशंट एकदम आत घेतात. माझ्या आधी कॉलेजात शिकवणाऱ्या एक मॅडम होत्या. कॅन्सरमुळं त्यांचाही एक स्तन काढलेला, माझ्यासारखाच. त्यांना साहेबांनी कागदावर चित्र काढून समजावलं. पोटाखालची कातडी आणि चरबी घ्यायची, रक्ताच्या बारीक नळ्या जोडायच्या, आपल्याच मांसाचा नवा स्तन करायचा. किती गोड बोलत होता.

मग मी विचारलं, माझंबी व्हईल का तसं? तेव्हा हे वाक्य. नवरा हसला. "व्हय साहेब, आता काय करायचं हाय." माझ्या अंगाचा निकाल दोघांनी मिळून लावून टाकला.

मी सोनईत ब्लाउज शिवते. गावातल्या निम्म्या बायकांची मापं माझ्या वहीत आहेत. स्वतःसाठी मात्र ब्लाउजात रिकाम्या बाजूला ठेवायला बाजरीची पुरचुंडी शिवली, वजनाला वजन म्हणून. मशीनवर वाकले की ती घसरायची. गिऱ्हाईक बायका दुसरीकडे बघायच्या. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

ऐन उन्हाळ्यात घामानं भिजलेली पुरचुंडी दोन दिवस कोपऱ्यात राहिली. उसवली, तर बाजरीला मोड आलेले. हे माझ्या छातीशी होतं. आधी हसू आलं, मग असा संताप आला की सगळी कोंबड्यांपुढं फेकली.

पुढच्या तपासणीला एकटी गेले. डॉक्टरनं दाराकडं बघितलं. "मालक कुठायत?"

"घरी. दुखनं माझं हाय," मी म्हणाले. "आन् साहेब, त्या मॅडमला कुणाला दाखवायचं हुतं?"

त्यानं पहिल्यांदा माझ्या तोंडाकडं बघितलं. चष्मा पुसला. मग कागद ओढून पोटाचं चित्र काढायला लागला. मी कापाची जागा विचारली, कडा कुठं ताणणार ते विचारलं. कापड कुठं तोकडं पडतं, ते मला त्याच्याआधी कळतं.

तपासण्या बाकी आहेत. ऑपरेशन जमेल, नाहीतर जमणार नाही. पण ऑपरेशनच्या अर्जावर सही माझी आहे. यापुढं माझ्या अंगाचं काही कुणी माझ्या नवऱ्याला विचारलं, तर उत्तर मी देणार, नवऱ्याला तोंड उघडू देणार नाही.